कबड्डी : रायगड किनाऱ्यावरील कुमार खेळाडूंची पारख व निवड

कबड्डी या सांघिक मैदानी खेळातील विशीच्या आतले होतकरू खेळाडू हेरून त्यांना गाव, जिल्हा, राज्य आणि अखेरीस नोकरी देणारा किंवा व्यावसायिक संघ अशा चढत्या क्रमाने पुढे नेणारी निवडपद्धती. महाराष्ट्रात ही पद्धती ज्या भागांत खोलवर रुजली, त्यांत रायगड जिल्ह्याची (१९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा) किनारपट्टी महत्त्वाची होय. पनवेल, उरण, पेण, अलिबाग, मुरूड, म्हसळे व श्रीवर्धन हे तालुके या पट्ट्यात मोडतात. येथील कुमार खेळाडूंवर गावच्या जाणत्यांपासून मुंबईतील कार्यालयीन संघांच्या प्रशिक्षकांपर्यंत अनेकांची नजर असे. विसाव्या शतकात या पारखीचे अंतिम फळ म्हणजे कायम स्वरूपाची नोकरी होती; २०१४ नंतर तेच स्थान खेळाडूच्या लिलावातील बोलीने घेतले. या स्थित्यंतराने खेळाडूच्या कमाईत मोठी वाढ झाली, पण तिचा काळ आखूड झाला, हा त्याच्या इतिहासातील मुख्य मुद्दा आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात हा खेळ ‘हुतूतू’ या नावाने, तमिळनाडूत ‘चेडुगुडु’, तर बंगालमध्ये ‘हाडुडू’ या नावाने प्रचलित होता. संजीवनी, गामिनी व अमर असे त्याचे तीन प्रमुख प्रकार होते. संजीवनी प्रकारात बाद गडी पुन्हा जिवंत होतो. गामिनीत एकदा बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमर प्रकारात गडी मैदान सोडत नाही, केवळ गुण मोजले जातात. आजचे नियम मुख्यत्वे संजीवनी प्रकारावर आधारलेले आहेत. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम प्रसिद्ध करून अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक केले. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ मध्ये मद्रास येथे व महिलांची १९५५ मध्ये कलकत्ता येथे झाली. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ अस्तित्वात आला. त्याच वर्षी महाराष्ट्राचे सदानंद शेट्ये यांना या खेळातील पहिला अर्जुन पुरस्कार लाभला. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. महाराष्ट्रातील संघटनकार्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा वाटा मोठा असून त्यांचा जन्मदिन, १५ जुलै, राज्यात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो.

किनाऱ्यावरील खेळ : रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डी फोफावण्यास तेथील भूरचना व जीवनक्रम अनुकूल ठरले. आगरी, कोळी, भंडारी, माळी इ. समाजांची वस्ती असलेली गावे येथे दाटीने वसलेली आहेत. पेण व अलिबाग तालुक्यांतील खारेपाटात पावसाळ्यात भाताचे एक पीक निघते. ते हाती आले की, शेते मोकळी होतात आणि तरुणांना सवड मिळते. खेळाला साहित्य काहीच लागत नाही. गावदेवीच्या देवळापुढचे अंगण, शाळेचे पटांगण किंवा ओहोटीनंतरची घट्ट वाळू पुरेशी होते. मिठागरे, होड्या व शेती यांवरील कष्टाने कमावलेले अंग, पळण्याची सवय आणि लहानपणापासूनचा सराव यांमुळे चांगले खेळाडू तयार होत. गावोगावच्या क्रीडामंडळांनी या खेळाला संघटित रूप दिले. दिवाळीनंतर सुरू होणारा स्पर्धांचा हंगाम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. विजेची सोय झाल्यावर प्रकाशझोतातील रात्रीच्या स्पर्धा रूढ झाल्या. त्यांना जत्रेचे रूप येई व शेजारच्या गावांतील वैर आणि सलोखा दोन्ही मैदानावर दिसून येत. याच स्पर्धांत नवे खेळाडू प्रथम लोकांच्या दृष्टीस पडत.

पारखीची रीत : होतकरू खेळाडू ओळखण्याची लेखी कसोटी गावपातळीवर कधीच नव्हती. जुने खेळाडू, पंच व मंडळांचे चालक हेच पारखी असत. चढाई करणाऱ्या मुलामध्ये ते सर्वप्रथम पदन्यास पाहत. मध्यरेषा ओलांडताना शरीराचा तोल पुढे झुकतो की मागे राहतो, निदानरेषेपलीकडे गेल्यावर पाय अडखळतात काय, हाताने गडी टिपताना नजर दुसऱ्या कोपऱ्यावर असते काय, यांवरून त्याची जाण कळे. दम टिकविणे ही त्याहून प्राथमिक कसोटी होती. बचावात कोपऱ्याचे स्थान अवघड मानले जाते. चढाईपटूचा पाय सुटण्याच्या नेमक्या क्षणी घोटा धरणारा मुलगा दुर्मिळ असे, कारण घाई झाली तर गुण जातो आणि उशीर झाला तर गडी सुटतो. मध्यरक्षकाकडे साखळीतील जोडीदाराशी मेळ आणि धक्का देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर घालविण्याचे बळ लागते. याखेरीज आणखी एक गुण या पारख्यांना मोलाचा वाटे व तो म्हणजे संघ पिछाडीवर असताना चढाईस जाण्याची तयारी. एकाच खेळाडूला वर्षानुवर्षे पाहिलेले असल्याने त्यांच्या मतास वजन असे. मात्र ओळखीपाळखीचा, मंडळाच्या चुरशीचा व गावाच्या राजकारणाचा प्रभाव या निवडीवर पडे, हीही वस्तुस्थिती आहे. लहान वाडीतील एखादा गुणी मुलगा वजनदार मंडळाचा पाठिंबा नसल्याने मागे पडण्याचा धोका या पद्धतीत कायम होता.

वयोगट व निवडीच्या पायऱ्या : संघटित कबड्डीत किशोर गट १६ वर्षांपर्यंतच्या व ५५ किग्रॅ. वजनापर्यंतच्या मुलामुलींसाठी असतो. कुमार गटाची वयोमर्यादा २० वर्षे असून वजनाची मर्यादा मुलांसाठी ७० किग्रॅ. व मुलींसाठी ६५ किग्रॅ. अशी ठरविण्यात आली आहे. कुमार मुलांचे क्रीडांगण पुरुषांप्रमाणे १३ मी. लांब व १० मी. रुंद, तर मुलींचे १२ मी. लांब व ८ मी. रुंद असते. गावच्या मंडळातून खेळाडू जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत उतरतो. तेथील कामगिरीवरून जिल्हा संघ निवडला जातो. राज्य अजिंक्यपद स्पर्धा हीच राज्याच्या निवड चाचणीचेही काम करते. तीतून संभाव्य खेळाडूंची यादी निघते, त्यांचे सराव शिबिर भरते आणि शेवटी १२ जणांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेस जातो. प्रत्येक जिल्हा संघात १२ खेळाडू असतात. राज्य संघातही १२च. म्हणजे जिल्ह्यांतून निवडून आलेल्या काही शे कुमारांपैकी फार थोड्यांना पुढची पायरी गाठता येते. वयाची मर्यादा उलटली की ही संधी पुन्हा येत नाही, त्यामुळे जन्मदाखल्याला या गटात खेळाइतकेच महत्त्व येते. वय लपविण्याच्या तक्रारी या गटात नव्या नाहीत. म्हणूनच कागदपत्रांची छाननी हा स्पर्धेचा अविभाज्य भाग बनला आहे. वजन करण्याच्या दिवशी उपाशी राहून किंवा पाणी टाळून मर्यादेत बसण्याची प्रवृत्ती मात्र नियमांनी संपलेली नाही. वाढत्या वयातील मुलांच्या प्रकृतीस ती घातक असते.

नोकरीचा काळ : कुलाबा जिल्ह्याचा मुंबईशी संबंध पूर्वापार आहे. रेवस ते भाऊचा धक्का ही बोटवाहतूक व नंतरचे रस्ते यांमुळे किनाऱ्यावरील तरुण रोजगारासाठी मुंबईस जात. गिरणगावातील कोकणी वस्त्यांतून कबड्डी जोमाने खेळली जाई. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांमुळे गिरण्या व कारखान्यांच्या संघांना व्यासपीठ लाभले. पुढे मध्य रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, देना बँक, महाराष्ट्र पोलीस इ. संस्थांचे संघ नावारूपास आले. या संघांना दरवर्षी नव्या रक्ताची गरज भासे. त्यामुळे त्यांचे प्रशिक्षक व जुने खेळाडू राज्य कुमार स्पर्धांना आवर्जून उपस्थित राहत आणि चमकलेल्या मुलाशी वा त्याच्या वडिलांशी बोलणी करीत. आरंभी हंगामी किंवा शिष्यवृत्तीच्या स्वरूपात घेतलेला खेळाडू पुढे कायम होई. खेळ संपल्यावर तो त्याच कार्यालयात निवृत्तीपर्यंत काम करी. त्यामुळे खेळाच्या आठदहा वर्षांवर तीस वर्षांची उपजीविका उभी राहत असे. शेती तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या कुटुंबांना ही गोष्ट फार मोठी वाटे. मुलाने अभ्यास सोडून मैदानावर जाण्यास घरातून होणारा विरोध यामुळेच मावळला.

हा आधार मात्र टप्प्याटप्प्याने ढासळला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वपदावर आल्या नाहीत. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाच्या काळात सार्वजनिक संस्थांतील भरती आटत गेली. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली, तर एअर इंडिया २०२२ मध्ये खाजगी मालकीकडे गेली. राज्य शासनाने २००५ मध्ये शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षणाची तरतूद केली. तिचा लाभ ठराविक पातळीवरील प्रावीण्य मिळविणाऱ्यांना होतो. केवळ जिल्ह्यापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूला तिचा उपयोग होत नाही. दरम्यान न्हावा-शेवा बंदर (१९८९), थळ येथील खतप्रकल्प आणि नवी मुंबईचा विस्तार यांनी किनाऱ्यावरील शेती व मिठागरे यांचे क्षेत्र घटविले. मोकळ्या जागा कमी झाल्या आणि खेळातून मिळणाऱ्या नोकऱ्याही कमी झाल्या, अशी दुहेरी अडचण गावांपुढे उभी राहिली.

व्यावसायिक लीग व लिलाव : या पार्श्वभूमीवर प्रो कबड्डी लीगचा उदय झाला. २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी ती सुरू झाली. पहिल्या लिलावात राकेश कुमार यास पाटणा संघाने १२ लाख ८० हजार रु. देऊन घेतले व तीच त्या वेळची सर्वोच्च बोली ठरली. मुंबईचा यू मुंबा संघ पहिल्या हंगामात उपविजेता व २०१५ मध्ये विजेता झाला. २०१७ मध्ये संघांची संख्या १२ झाली. खेळाडूंची गरज वाढल्याने होतकरू तरुणांच्या शोधासाठी ‘फ्यूचर कबड्डी हीरोज’ ही योजना आखण्यात आली. देशात ठिकठिकाणी चाचण्या घेऊन निवडलेल्या नवोदितांना तीद्वारे संघांपुढे आणले गेले. २०१८ च्या लिलावासाठी उपलब्ध असलेल्या ४२२ खेळाडूंपैकी ८७ या योजनेतून आले होते. त्याच लिलावात मोनू गोयत यास १ कोटी ५१ लाख रु. मिळाले. २०२३ मध्ये पवन सेहरावत याच्यावरील बोली २ कोटी ६० लाख ५० हजार रु. पर्यंत गेली. त्या वर्षी खेळाडूंचे चार वर्ग करून त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३०, २०, १३ व ९ लाख रु. ठेवण्यात आल्या होत्या. नवोदितांसाठी ‘नवे तरुण खेळाडू’ हा स्वतंत्र वर्ग असून त्यात संघ लिलावाबाहेर खेळाडूशी करार करतो. २०१८ पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया स्पर्धा व २०२२ मध्ये सुरू झालेली २३ वर्षांखालील युवा कबड्डी मालिका यांमुळे निवडीची आणखी व्यासपीठे निर्माण झाली.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करतात. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई हा २०१८ मध्ये यू मुंबाकडून पदार्पणातच गाजला. दुसऱ्या वर्षी तेलुगू टायटन्स संघाने त्यास १ कोटी ४५ लाख रु. देऊन घेतले. पुढे २०२१-२२ च्या हंगामात दुखापतीमुळे त्यास मोजकेच सामने खेळता आले. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा पुणेरी पलटण संघात नव्या तरुण खेळाडूंच्या वर्गातून आला व त्याच्याच नेतृत्वाखाली या संघाने मार्च २०२४ मध्ये पहिले विजेतेपद मिळविले. पहिल्या उदाहरणात एका हंगामाच्या कामगिरीवरून लागलेली किंमत दिसते, तर दुसऱ्यात तरुण खेळाडूवर काही वर्षे विश्वास टाकल्याचे फळ.

इतर देशांतील पद्धतीशी तुलना : उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीत तरुण खेळाडूंची वाटणी वेगळ्या रीतीने होते. नॅशनल हॉकी लीगने १९६३ मध्ये माँट्रिऑल येथे प्रथम हौशी खेळाडूंची क्रमवार निवड केली. त्या वेळी २१ खेळाडू निवडले गेले. तळाच्या संघांस आधी निवड करण्याचा अधिकार द्यावा, हे या पद्धतीमागील तत्त्व होय. १९७५ मध्ये लीगने मध्यवर्ती पारख विभाग स्थापन केला. त्याचे निरीक्षक कुमार स्पर्धांचे सामने वर्षभर पाहतात व होतकरूंची क्रमवारी प्रसिद्ध करतात. भारतात २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगने १९ वर्षांखालील क्रिकेटपटूंसाठी अशीच क्रमवार निवड केली होती. कबड्डीत मात्र लिलावाचे तत्त्व प्रधान ठरले. क्रमवार निवडीत संघांमधील समतोल राखण्यावर भर असतो, तर लिलावात खेळाडूस बाजारातील मोल मिळते. हॉकीतील निरीक्षक ज्या मुलास दोनतीन वर्षे पाहतात, त्याची नोंद लेखी राहते. रायगडच्या गावातील मुलाची तशी नोंद बहुधा राहत नाही. जिल्हा स्पर्धेतील गुणपत्रक सामन्याचा निकाल सांगते. एखाद्याने किती चढायांत किती गुण मिळविले किंवा किती पकडी फसल्या, हे त्यावरून पुढे कोणी शोधत नाही. त्यामुळे दूरचित्रवाणीवर दिसलेल्या मुलास भाव येतो आणि न दिसलेला तेवढाच गुणी मुलगा अज्ञात राहतो.

खेळावरील परिणाम : लीगमध्ये मॅटवर, बूट घालून खेळावे लागते. मातीत अनवाणी वाढलेल्या खेळाडूस पायाची पकड, वळण आणि पडणे या सर्वांची नव्याने सवय करावी लागते. मॅट महाग असल्याने लहान मंडळांना ती घेणे परवडत नाही; तालुक्याच्या ठिकाणी जाऊन सराव करणे खारेपाटातील मुलास सोपे नसते. तीस सेकंदांची चढाई व गुण न मिळालेल्या दोन चढायांनंतरची निर्णायक तिसरी चढाई या नियमांनी खेळ वेगवान झाला. त्याबरोबर ताकद व उंची यांचे महत्त्व वाढले. कुमार गटातील वजनाच्या मर्यादेत चमकणारा चपळ मुलगा, पुरुषांच्या गटातील थोराड खेळाडूंपुढे टिकेलच असे नाही. हा फरक भरून काढण्यास योग्य आहार, व्यायाम व दोनतीन वर्षांचा अवधी लागतो. पूर्वी कार्यालयीन संघ खेळाडूस हा अवधी देत असत. व्यावसायिक करार ठराविक हंगामांपुरता असल्याने तो देण्याची जबाबदारी आता मंडळे, अकादमी व कुटुंब यांच्यावर येऊन पडते.

मुलींची स्थिती : किनाऱ्यावरील गावांतून मुलींचे संघही उभे राहिले असून किशोरी व कुमारी गटांच्या जिल्हा स्पर्धा नियमित भरतात. २०१२ मध्ये पाटणा येथे झालेली महिलांची विश्वचषक स्पर्धा जिंकणाऱ्या भारतीय संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ व अभिलाषा म्हात्रे या तीन खेळाडू होत्या. राज्य शासनाने त्यांना प्रत्येकी एक कोटी रु. पारितोषिक दिले. २०२५ मध्ये ढाक्यातही भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. परंतु व्यावसायिक क्षेत्रात त्यांच्यासाठी २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने भरविलेली तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली. पुढील हंगामांत ती पुन्हा झाली नाही. परिणामी कुमारी गटातील गुणी खेळाडूपुढे अजूनही नोकरी हाच मुख्य मार्ग उरतो व तो अरुंद होत गेला आहे. एकाच गावच्या मैदानावर शेजारी सराव करणाऱ्या भावाबहिणींपैकी एकाच्या खेळास बाजारभाव आहे, तर दुसरीच्या खेळास नाही, अशी ही विषमता आहे.

मूल्यमापन : जुन्या पद्धतीत पारख जवळून होई, पण तिची व्याप्ती अपुरी होती, तीत आपपरभावही शिरे. लिलावाच्या पद्धतीने पारखीचे क्षेत्र देशव्यापी केले, खेळाडूच्या श्रमास रोख मोल दिले व ग्रामीण खेळाला प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि जो निवडला गेला नाही त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. नोकरीच्या काळात राज्य संघातून वगळलेल्या मुलासही एखाद्या लहान कार्यालयाचा संघ आसरा देई; आता तसे आसरे कमी झाले आहेत. कुमार खेळाडूंच्या कामगिरीची जिल्हा पातळीपासून लेखी नोंद ठेवणे, वजनाच्या वेळी वैद्यकीय देखरेख असणे, मुलींसाठी कायम स्वरूपाची व्यावसायिक स्पर्धा असणे आणि खेळाबरोबर शिक्षण चालू राहणे, या गोष्टींवर या पद्धतीचे पुढील यश अवलंबून आहे. रायगडच्या किनाऱ्यावर खेळाडूंची वाण कधी पडली नाही. विसाव्या वर्षी ज्यांची निवड होत नाही, अशांची संख्या निवडलेल्यांपेक्षा नेहमीच अनेक पटींनी मोठी असते. गावातील मैदान, मंडळ व पुढच्या पिढीचे पारखी त्यांच्यातूनच तयार होतात.